पाचशे बाराच्या आसपास

पाच किलो शेवेच्या डब्याचं झाकण,
त्याखाली चार पिवळ्या मोटारी,
वर रबरबँडनं बांधलेली बॅटरी,
आणि महाराणी रोडवर घासाघीस करून आणलेला
काडेपेटीहून लहान निळा बोर्ड.
‘ही गाडी,’ यामिनी म्हणाली.
मी म्हटलं, असेल.

रामबागेच्या तोंडाशी माझं दुकान होतं.
एकेचाळीस वर्षं लोकांचे रेडिओ उघडले:
आत झुरळांची अंडी, गंज, एकदा कुणीतरी लपवलेली शंभराची नोट,
आणि बहुतेक वेळा, अगदी साधा, सोल्डरचा सुटलेला टाका.
आता तिथे मोबाईलची कव्हरं विकतात.
माझ्याकडे उरली कंडेन्सरांची एक बरणी
आणि हा उजवा हात,
जो गेल्या दिवाळीपासून
कुणी न सांगता हलतो.

भाचीची तक्रार अशी:
गाडी टेबलावर धावते,
गल्लीत दुसऱ्या दारापाशी बहिरी होते.
प्रोग्राम तिनं सात वेळा वाचला.
मला तो वाचता येत नाही.
बहिरेपण येतं.
‘मोटारी ओढ घेतात तेव्हा रेडिओला खायला उरत नाही.’
बरणी वर्तमानपत्रावर पालथी केली,
दहा मायक्रोफॅरडचा एक शोधला.
‘हा त्याच्या पुढ्यात लाव. वाटीत थोडं काढून ठेवल्यासारखं.’
‘कपॅसिटर,’ ती म्हणाली.
‘कंडेन्सर,’ मी म्हणालो.
टाका तिनं घातला. राळेचा धूर
मी जवळ सरकून घेतला, चष्मा पुसायच्या निमित्तानं.
अँटेना पत्र्यावर आडवी झोपली होती,
तिला आइस्क्रीमच्या काडीवर उभी केली.

मग रिमोट.
साबणाच्या डबीत बसवलेली जॉयस्टिक.
मध्यावर असली की आकडा पाचशे बारा,
म्हणजे काही सांगायचं नाही, उभी राहा.
माझ्या अंगठ्याखाली लॅपटॉपवर
पाचशे तीस. चारशे ब्याण्णव. पाचशे सत्तेचाळीस.
गाडी जागच्या जागी कुरकुरत होती,
दारात उभं राहून निघू की बसू न ठरलेल्या
पाहुण्यासारखी.

यामिनी आकड्यांकडे पाहत राहिली.
हाताकडे एकदाही नाही.
मग टकटक करून एकच ओळ लिहिली:
चारशे पन्नास ते पावणेसहाशे,
यांच्या मधलं काहीही आलं
तर पाचशे बाराच समज.
‘जॉयस्टिक स्वस्तातली आहे मामा, नीट मध्यावर बसत नाही.’
‘हो ना,’ मी म्हटलं, ‘आजकालचा माल.’

डॉक्टर कानूनगोंनी दोन गोळ्या दिल्यात,
एक सकाळी, एक झोपताना, आणि मीठ कमी.
त्या चिठ्ठीत हे कुठेच नव्हतं,
की थरथर म्हणजे हुकूम नव्हे.

संध्याकाळी गाडी गल्लीत सोडली.
समोरचा गोलू ओट्यावरून,
‘क्या भिया, इसमें गाने कब बजेंगे?’
पहिलं दार. दुसरं दार, ते बहिरं.
तिसरं. भुट्ट्याच्या किसाची हातगाडी,
तिच्याखालचा कुत्रा उठला, भुंकला, परत बसला.
वळणावर गाडी एकदम थांबली.
‘अर्धा सेकंद काही ऐकू आलं नाही तर थांबायचं,
हेही लिहिलंय तिच्यात,’ यामिनी म्हणाली.
शहाणी आहे. आमचे रेडिओ अशा वेळी खरखरत बसायचे.

आणायला मीच निघालो.
रिमोट हातात, अंगठा पुढे दाबलेला, तसाच.
पाच पावलं गेलो, तिला ऐकू आलं,
ती पाच पावलं पुढे.
मी थांबलो. ती गेली तेवढी गेली, थांबली.
पुन्हा मी, पुन्हा ती,
पिठाच्या गिरणीवरून, स्कूटरच्या पोटाखालून,
ओळखीच्या चौकातून बाहेर.
मागून यामिनी ओरडत होती,
‘मामा, अंगठा! अंगठा काढा!’

मला ऐकू आलं नाही.